आधी पाणी, मग पैसे : जुना फिश टँक घेताना

जुना फिश टँक विकणाऱ्याचे ठरलेले वाक्य असते, ‘परवापर्यंत चालू होता’. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र रिकामा केलेला, दोन-तीन वेळा उचलून ठेवलेला, पावसाळाभर गॅलरीत पडून राहिलेला टँक म्हणजे परवाचा टँक नव्हे. म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा : आधी कोरडा टँक पाहणे, मग पाणी भरणे, मग थांबणे आणि पूर्ण रक्कम अगदी शेवटी.

१. निघण्यापूर्वी मापे मागवावीत. लांबी, रुंदी, उंची आणि काचेची जाडी, चारही हवीत. सेंटिमीटरमधील तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला १००० ने भागले की लिटर मिळतात. २ × १ × १ फुटांचा टँक साधारण ५५ लिटरचा, तर ३ × दीड × दीड फुटांचा जवळजवळ १९० लिटरचा. मात्र काचेवरचा दाब लिटरवर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. या तीन फुटी टँकमध्ये ४५ सेंमी पाणी भरले, तर एकट्या पुढच्या काचेवर सुमारे ९० किलोंचा रेटा येतो. उंची दुप्पट झाली की हाच रेटा चौपट होतो. त्यामुळे दीड फूट उंचीला वरच्या आडव्या काचपट्ट्या असतील तर किमान ८ मिमी, नसतील तर १० मिमी जाडीची काच असावी. फूटभर उंचीला ५ ते ६ मिमी चालते.

फोनवरच आणखी तीन प्रश्न विचारून घ्यावेत : टँक किती दिवस कोरडा आहे, कधी दुरुस्त केला होता का आणि त्यात कासव पाळले होते का? कासवाची नखे तळाच्या सिलिकॉनला सोडत नाहीत.

२. सोबत इंची टेप, टॉर्च, मार्कर, चिकटपट्टी, कोरडे सुती फडके, जुनी वर्तमानपत्रे आणि स्पिरिट लेव्हल न्यावी. लेव्हल नसेल तर मोबाइलमधील लेव्हलचे ॲप कामचलाऊ ठरते.

३. गेल्यावर पहिली नजर टँकवर नको, स्टँडवर टाकावी. विकणारा टँक पुसून चकचकीत करतो, स्टँडकडे त्याचे लक्ष नसते. प्लायवूडचे स्टँड असेल तर वरच्या फळीच्या कडा बोटाने चाचपाव्यात. प्लाय फुगलेला असेल किंवा सनमायका एकाच कोपऱ्यात सुटला असेल, तर त्या कोपऱ्यावरचा सांधा आपण सर्वांत शेवटपर्यंत संशयित धरावा. लोखंडी स्टँडवर थोडाफार गंज सगळीकडे असतोच. एकाच पायावरून खाली उतरलेली गंजाची रेघ मात्र काही सांगत असते.

यानंतर काचेच्या बाहेरच्या बाजूचे पांढरे डाग पाहावेत. पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. बोअरवेलच्या जड पाण्यात तर ते भरपूर असतात. ‘पाणी बदलताना सांडले असेल,’ असे उत्तर हमखास मिळेल. ते तपासता येते. सांडलेल्या पाण्याचा ओघळ वरच्या काठापासून सुरू होतो. गळतीचा पांढरा थर मात्र सांध्यातूनच उगवतो, नखाला खरखरीत लागतो आणि वरची काच स्वच्छ असते. तळाचे चारही कोपरे टॉर्च लावून पाहावेत. तिथे तीन काचा एकत्र येतात आणि दाबही तिथेच सर्वाधिक असतो.

४. आता काच. टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपी धरली की ओरखडे उठून दिसतात. नख अडकत नसेल तर तो दिसण्यापुरता दोष. नख अडकणारा लांब ओरखडा असेल तर किंमत कमी करून घ्यावी. काठाचा टवका वरच्या उघड्या कडेला असेल तर फारसे बिघडत नाही, मात्र तो सांध्याच्या आत शिरलेला असेल तर घेऊ नये. तडा केसाएवढा असला तरी व्यवहार तिथेच थांबवावा. तड्यावर सिलिकॉन लावून ‘आता काही होत नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

५. सांध्यात सिलिकॉन दोन ठिकाणी असते, हे ध्यानात ठेवावे. दोन काचांच्या मध्ये असतो तो पातळ थर टँकला धरून ठेवतो. आतल्या कोपऱ्यातून फिरवलेली जाडसर पट्टी त्या थराचे रक्षण करते. पट्टीची कड सुटलेली असेल, तिच्याखाली हिरवे शेवाळ शिरले असेल, तर दुरुस्ती शक्य आहे. मधल्या थरात एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जोडली गेलेली बुडबुड्यांची माळ किंवा पांढुरकी, सुटल्यासारखी दिसणारी जागा चालत नाही. एकाच टँकमध्ये दोन रंगांचे सिलिकॉन दिसले, तर दुरुस्ती झालेली आहे. कोणी केली आणि कशासाठी, हे विचारावे. पट्टी ओढून पाहू नये, टँक अजून आपला झालेला नाही.

६. इथपर्यंत समाधान झाले तर पाणी भरावे. आधी जागा लेव्हलने दोन्ही दिशांनी तपासावी. वाकड्या जागेवर भरलेल्या टँकला पीळ बसतो आणि चांगला सांधाही उघडू शकतो. बिनफ्रेमच्या टँकखाली थर्मोकोल किंवा फोमची शीट हवी. प्लास्टिकची फ्रेम असलेल्या टँकला ती नको, त्याचा भार फ्रेमवर असतो. सर्वांत खाली वर्तमानपत्र असे पसरावे की चारही बाजूंनी ते बाहेर दिसेल. ओलसरपणा फरशीवर दिसत नाही, कागदावर लगेच दिसतो.

एक तृतीयांश पाणी भरून अर्धा तास थांबावे, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर सांध्यांवरून कोरडे फडके फिरवून पाहावे. पूर्ण भरल्यावर पुढच्या काचेच्या मध्यभागी सरळ पट्टी आडवी धरावी. काच किंचित बाहेर येणे स्वाभाविक आहे. उघड्या डोळ्यांना फुगवटा दिसत असेल, तर पाणी लगेच उतरवावे.

७. पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावून मार्करने रेघ मारावी आणि २४ तास थांबावे. ४८ मिळाले तर उत्तम. गळती कधीकधी इतकी मंद असते की पहिल्या दोन-तीन तासांत फडके कोरडेच येते.

दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली दिसेल आणि वाद सुरू होईल : गळाले की उडाले? यावर उपाय सोपा आहे. टँकशेजारी सरळ कडांचे एक पातेले पाण्याने भरून त्यावरही खूण करावी. दोन्हींतले पाणी सारखेच उतरले तर ते बाष्पीभवन. टँकमधले स्पष्टपणे जास्त उतरले तर गळती, मग ती दिसो वा न दिसो.

पावसाळ्यात आणखी एक फसगत होते. नळाचे गार पाणी भरले की दमट हवेत काचेला बाहेरून घाम येतो. हा घाम पाण्याच्या पातळीखाली सगळ्या काचेवर सारखा पसरतो आणि पाणी खोलीच्या तापमानाला आले की थांबतो. गळतीचा थेंब मात्र पुसला तरी त्याच जागी पुन्हा येतो.

८. अनोळखी घरी दिवसभर थांबणे अर्थातच शक्य नसते. अशा वेळी विकणाऱ्याला आदल्या दिवशी टँक भरून ठेवण्याची विनंती करावी आणि रेघेजवळ त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवून फोटो मागवावा. आपण गेल्यावर तीच रेघ पाहावी. याला तो तयार नसेल, तर थोडा विसार देऊन टँक न्यावा आणि ‘दोन दिवसांत गळला तर परत’ हे संदेशात लिहून घ्यावे. दोन्हींना नकार असेल, तर गळका टँक समजूनच भाव करावा किंवा परत फिरावे.

९. टँक गळला तर? दोन फुटांपर्यंतचा टँक स्वस्त मिळत असेल तर दुरुस्ती परवडते. नवे सिलिकॉन जुन्याला नीट चिकटत नाही, त्यामुळे गळणाऱ्या जागी वरून थर देणे म्हणजे वेळ दवडणे. आतली सगळी पट्टी ब्लेडने काढून, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पट्टी फिरवावी लागते. सिलिकॉन बुरशीनाशक घातलेले नसावे. बाथरूमसाठी विकले जाते ते माशांना घातक ठरू शकते. सुकायला आठवडा द्यावा. मधला थरच सुटला असेल, तर टँक पूर्ण खोलून पुन्हा जोडावा लागतो. तीन फुटांच्या पुढे हे काम काचकामाची सवय असलेल्याचेच, आणि मग नव्या टँकची किंमत आधी विचारून घेतलेली बरी.

१०. नेताना टँक पूर्ण रिकामा हवा. तळाला चार बोटे पाणी किंवा रेतीही नको. दोघांनी तळाला हात घालून उचलावा, वरच्या पट्टीला धरून कधीच नाही. टेंपोत त्याच्याखाली गादी किंवा जाड घोंगडी घालावी. घरी जागेवर ठेवल्यावर सहावी आणि सातवी पायरी पुन्हा करावी, कारण प्रवासात बसलेला पीळ तिथेच उघड होतो. भरलेला दोन फुटी टँक रेतीसह ७५ ते ८० किलोंचा होतो, तेव्हा त्याची जागा आधीच पक्की करावी. रेती, दगड आणि फिल्टर दुसऱ्या चाचणीनंतर. मासे त्याच्याही काही आठवडे नंतर.