जुन्या लॅपटॉपवर आकाश: लुबुंटूवर स्टेलेरियम बसवण्याची कृती

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप घराघरांत, शाळाशाळांत कपाटात जाऊन पडले. त्यांपैकी बहुतेकांवर आजही आकाशाचा अचूक नकाशा चालू शकतो. हलकी कार्यप्रणाली, एक मोफत सॉफ्टवेअर आणि एका दुपारचा वेळ एवढ्यावर काम होते. मात्र बसवून थांबू नका. वेळ, ठिकाण आणि दिसणारे आकाश यांचा मेळ बसतो की नाही, हे पडताळून पाहा. चुकलेला नकाशा नवशिक्याला अंधारात हमखास गोंधळात टाकतो, म्हणून या कृतीत पडताळणीला बसवण्याइतकेच महत्त्व आहे.

स्टेलेरियमची सुरुवात फाबिएँ शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने केली. आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. मूळ संचातच ६ लाखांहून अधिक तारे असल्याने नुसत्या डोळ्यांसाठी आणि दुर्बिणीसाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही.

साहित्य

- ६४ बिटचा लॅपटॉप. रॅम ४ जीबी असेल तर उत्तम, २ जीबीवर जरा सबुरीने घ्यावे लागते.
- ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह.
- इंटरनेट. हे फक्त तयारीपुरते लागते, नंतर सगळे नेटशिवाय चालते.
- लॅपटॉपमधल्या फायलींची प्रत ठेवायला दुसरी जागा.

लॅपटॉप ३२ बिटचा असेल तर लुबुंटू चालणार नाही. त्यासाठी डेबियन १२ ची ३२ बिट आवृत्ती घ्या. पुढची कृती थोड्याफार फरकाने तीच राहते.

कृती

१. लुबुंटू उतरवून घ्या. लुबुंटू म्हणजे उबुंटूच, पण एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह. २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला एप्रिल २०२७ पर्यंत सुधारणा मिळतात. त्यानंतरची दीर्घ मुदतीची आवृत्ती उपलब्ध असेल तर ती घ्या. फाइल ३ जीबीच्या आसपास असते. उतरवताना ती अर्धवट तुटली तर पुढे विचित्र अडचणी येतात, म्हणून सोबत दिलेली पडताळणी संख्या जुळवून पाहा.

२. पेन ड्राइव्ह तयार करा. विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर वापरा. फाइल नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी करून उपयोग नाही, या साधनांनीच ती लिहावी लागते. पेन ड्राइव्हवरचे जुने सगळे पुसले जाईल.

३. आधी न बसवता चालवून पाहा. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि बूट मेनू उघडा. डेल व लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबावे लागते. मग लुबुंटू वापरून पाहण्याचा पर्याय निवडा. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, टचपॅड चालते का, हे तपासा. रॅम ४ जीबी असेल तर याच सत्रात पायरी ५ प्रमाणे स्टेलेरियम घालून पाहा. ते तात्पुरते असते, लॅपटॉप बंद केला की जाते. पण जुन्या ग्राफिक्सवर आकाश नीट उमटते की नाही, हे डिस्कला हात लावण्याआधीच कळते.

४. लुबुंटू बसवा. फायलींची प्रत काढून झाली असेल तरच डेस्कटॉपवरचे इन्स्टॉल चिन्ह दाबा. वेळेचा विभाग म्हणून आशिया-कोलकाता निवडा. संपूर्ण डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी जागा करायची, हे इथे ठरते. जुन्या यंत्रावर एकच प्रणाली ठेवणे सोयीचे. दोन्ही ठेवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लुबुंटू जागतिक वेळ. त्यामुळे एका प्रणालीतून दुसरीत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास सरकलेले दिसू शकते.

५. स्टेलेरियम बसवा. आधी प्रणालीच्या सगळ्या सुधारणा करून घ्या. मग मेनूतून डिस्कव्हर हे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन उघडून त्यात स्टेलेरियम शोधा. ते एकापेक्षा जास्त स्रोतांतून मिळत असेल तर उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातले निवडा. स्नॅप या पॅकेज-प्रकारात तेच सॉफ्टवेअर जास्त जागा खाते. पासवर्ड दिला की काही मिनिटांत स्टेलेरियम मेनूच्या शिक्षण विभागात दिसू लागते.

६. ठिकाण पक्के करा. जाळ्यावरून ठिकाण मिळाले नाही तर स्टेलेरियम पॅरिसचे आकाश दाखवते. एफ ६ दाबा आणि जाळ्यावरून ठिकाण घेण्याची खूण काढून टाका. यादीतून आपले शहर निवडा, गाव यादीत नसेल तर अक्षांश-रेखांश हाताने भरा. मग हेच ठिकाण कायमचे ठेवण्याची खूण करा. ही पायरी राहिली तर डोंगरावर, जिथे नेट नाही तिथे, तुमच्या हाती परक्या गावचे आकाश येईल.

७. भार हलका करा. एफ ४ मधून आकाशगंगेची चमक आणि राशिप्रकाश बंद करा. क्षितिजाचे चित्र म्हणून झीरो होरायझन हे साधे दृश्य निवडा. ‘ए’ दाबले की वातावरण जाते, ‘जी’ने जमीन आणि ‘सी’ने तारकासमूहांच्या रेषा येतात-जातात. जादा ताऱ्यांचे संच उतरवू नका. सगळे मनासारखे झाले की एफ २ मध्ये सेटिंग जतन करण्याचे बटण दाबा. ते दाबले नाही तर पुढच्या वेळी सगळे पुन्हा मूळपदावर येते.

आकाश-संस्कृतींच्या यादीत ‘इंडियन वैदिक’ हा पर्याय आहे. तो घेतला की अश्विनी, कृत्तिका, रोहिणी अशी आपली नक्षत्रे पडद्यावर येतात. मुलांना शिकवताना हा पर्याय जरूर वापरा. आजीच्या तोंडून ऐकलेली नावे त्यांना समोर ताऱ्यांसकट दिसतात.

८. पडताळणी करा. तीन कसोट्या पुरतात.

*ध्रुवाची कसोटी.* एफ ३ मध्ये पोलारिस शोधा आणि डावीकडच्या माहितीत त्याची क्षितिजापासूनची उंची वाचा. ती तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी हवी: पुण्यात सुमारे साडेअठरा अंश, नागपुरात एकवीसच्या जवळ, पणजीत साडेपंधरा. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही, त्यामुळे अर्ध्यापाऊण अंशाचा फरक चालेल. पॅरिस राहिले असेल तर उंची ४९ अंशांच्या आसपास दिसेल आणि चूक लगेच पकडली जाईल.

*घड्याळाची कसोटी.* आकाश तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांची चूक एक अंशाची होते. साडेपाच तासांच्या चुकीने ताऱ्यांची जागा ८० अंशांहून जास्त हलते. जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल संपलेला असला की बॅटरी उतरल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. घरी नेटवरून ती आपोआप सुधारते, त्यामुळे दोष लपून राहतो. म्हणून वायफाय बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि तारीख पाहा. सेल बदलणे स्वस्त आहे.

*ग्रहणाची कसोटी.* ठिकाण तात्पुरते सुरत करा आणि एफ ५ मध्ये २२ जुलै २००९, सकाळी ६ वाजून २२ मिनिटे भरा. सूर्य शोधून दृश्य मोठे करा. क्षितिजालगतचा सूर्य चंद्राने पूर्ण झाकलेला दिसला तर ठिकाण, तारीख आणि वेळेचा विभाग यांचे गणित बरोबर जुळले. मग ‘८’ दाबून आताच्या वेळेवर या आणि ठिकाण पूर्ववत करा.

९. अंधारासाठी तयार करा. कंट्रोल आणि ‘एन’ दाबले की पडदा लाल होतो, एफ ११ ने तो पूर्ण व्यापला जातो. पडद्याची चमकही खाली आणा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि एक पांढरी खिडकी ती मेहनत क्षणात घालवते. कृत्रिम उपग्रह पाहायचे असतील तर निघण्यापूर्वी घरूनच त्यांची कक्षा-माहिती ताजी करा, कारण ती लवकर शिळी होते.

अडले तर

स्टेलेरियमची खिडकी काळी राहिली किंवा लगेच बंद झाली, तर ग्राफिक्सची ताकद कमी पडते आहे. तिथे हट्ट न धरता डिस्कव्हरमधून स्कायचार्ट बसवा. पॅट्रिक शेव्हाले यांचे हे सॉफ्टवेअर कार्त द्यु सिएल या नावाने ओळखले जाते. त्यात देखावा कमी आहे, पण नकाशा भरवशाचा आणि जुन्या यंत्राला पेलणारा आहे.

हे सगळे मुक्त परवान्याखाली आहे. शाळेला, शेजाऱ्याला, आकाशदर्शनाच्या गटाला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या लॅपटॉपवर पडताळणी झाली असेल तर पेन ड्राइव्ह पुसू नका. चार मुलांना बोलावून त्यांच्याच हातांनी पुढच्या संगणकावर हीच कृती करून घ्या, आणि ध्रुवाची उंची त्यांनाच मोजू द्या.