मंजूर : एका शब्दाचा पाठ

(इयत्ता चौथीच्या वर्गासाठी)

खेड्यातील काही घरांत अजूनही कचेरीतून आलेला कागद प्रथम शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती दिला जातो. वडील माणसे भोवती बसतात आणि मूल अक्षरे लावून तो वाचते. अशा वेळी नुसते वाचता येणे पुरेसे नसते. शब्दाचा अर्थही कळावा लागतो.

समजा, एका शेतकऱ्याने विहिरीच्या कर्जासाठी अर्ज केला. कचेरीने अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून ती परत दिली. शिक्क्यात 'अर्ज मिळाला' एवढेच शब्द होते. मुलाने ते बिनचूक वाचले. घरच्यांनी मात्र शिक्का बसला म्हणजे कर्ज मिळालेच असे धरले आणि उसनवारी करून खोदकाम सुरू केले. दोन महिन्यांनी 'नामंजूर' असे उत्तर आले. वाचनात चूक नव्हती. अर्थ समजण्यात होती. उसनवारी मात्र फेडावीच लागली. हा शब्द वर्गात काळजीपूर्वक का शिकवावयाचा, हे यावरून ध्यानी येईल.

शब्दाचे मूळ

'मंजूर' हा शब्द अरबी भाषेतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेला' असा आहे. आपल्या नित्य परिचयाचा 'नजर' हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. ज्या कागदावर अधिकाऱ्याची नजर गेली आणि जो त्याने स्वीकारला, तो मंजूर. १६७४ मधील राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या राजवटीत राज्यव्यवहारकोश तयार झाला व त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. तरीही मंजूर, कबूल, परवानगी हे शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिले.

जवळचे शब्द

या शब्दाच्या शेजारचे शब्द मुलांना उदाहरणांनीच समजावून द्यावेत.

परवानगी ही एखादी कृती करण्यासाठी घ्यावयाची असते. 'पाणी प्यायला जाऊ का, गुरुजी?' असे मूल विचारते, तेव्हा ते परवानगी मागते. मंजुरी ही मागणीला, खर्चाला किंवा ठरावाला मिळते. रजा मंजूर होते, अंदाजपत्रक मंजूर होते.

संमती ही ज्याचा त्या गोष्टीशी संबंध आहे त्याच्या मनाची असते. मुलांना सहलीस नेण्यापूर्वी पालकांची संमती घेतात. 'मौन ही संमती' असे लोक म्हणतात. परंतु मौनाला मंजुरी कोणी म्हणत नाही. कचेरीतील मंजुरी लेखी असावी लागते आणि तिच्याखाली सही व तारीख लागते.

कबूल या शब्दात स्वतःवर काही ओढवून घेणे असते. देणे कबूल करतात, चूक कबूल करतात. 'चूक मंजूर केली' असे कोणी म्हणणार नाही. मान्यता ही योग्यता पाहून मिळते. शाळेला मान्यता मिळते ती याच अर्थाने.

घरगुती बोलण्यातही 'मंजूर' येतो. 'ही अट मला मंजूर नाही,' असे म्हणणारा स्वतःचाच निर्णय सांगत असतो. हा अधिकार कोणत्याही कचेरीचा नसून प्रत्येक माणसाचा आहे, हेही मुलांना सांगावे.

लेखन व व्याकरण

'मंजूर' हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही : अर्ज मंजूर झाला, रजा मंजूर झाली, कर्ज मंजूर झाले. 'मंजूर' मधील 'जू' दीर्घ आहे. शेवटी ईकार येताच तो ऱ्हस्व होतो : मंजुरी. मजूर आणि मजुरी यांचेही तसेच. एका अनुस्वाराने अर्थ किती पालटतो हे ठसविण्यासाठी 'मजुरांची मजुरी मंजूर झाली' हे वाक्य श्रुतलेखनास द्यावे.

वर्गातील कार्य

शिक्षकाने फळ्यावर चार उत्तरे लिहावीत : 'अर्ज मिळाला', 'अर्ज विचाराधीन आहे', 'अर्ज अटींवर मंजूर', 'अर्ज नामंजूर'. यांपैकी कोणते उत्तर आल्यावर खर्चास हात घालावा, असे मुलांना विचारावे. पहिल्या दोन उत्तरांत मंजुरी नाही. तिसऱ्यात आहे, परंतु अटी वाचल्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे. नामंजूर उत्तरात कारण दिले आहे काय आणि फेरविचारासाठी अर्ज करण्याची मुदत सांगितली आहे काय, हे पाहण्याची सवय लावावी.

यानंतर प्रत्येक मुलाने एका दिवसाच्या रजेचा अर्ज लिहावा. शिक्षकाने तो मुलासमक्ष पूर्ण वाचावा, तारीख किंवा कारण राहिले असल्यास परत द्यावा आणि दुरुस्ती झाल्यावरच 'मंजूर' असे लिहून सही करावी. न वाचता केलेली सही मुलांच्या लगेच लक्षात येते आणि मोठेपणी तीही तशीच सही करू लागतात. ग्रामसभेत ठराव वाचून दाखविण्यापूर्वीच 'मंजूर, मंजूर' असा आवाज उठतो, त्याचे मूळ या सवयीत असते. म्हणून शेवटी वर्गाची लहानशी सभा भरवावी, एक ठराव मांडावा आणि तो दोनदा वाचून झाल्याशिवाय कोणालाही हात वर करू देऊ नये.