आधी फायली काढ, मग फी भर

पुणे

चि. मुक्ता,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. स्पीच थेरपीचं एमएएसएलपी झालं, सांगलीच्या क्लिनिकात जम बसतोय आणि आता ‘एलएसव्हीटी करू, प्रॉम्प्ट करू की दोन्ही’ हा सर्टिफिकेट कोर्सांचा घोळ. फी डॉलरमध्ये, म्हणून ताईचा जीव वरखाली. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, तेव्हा लिहूनच काढते.

आपल्याकडे काम करायचा हक्क पुनर्वास परिषदेच्या नोंदणीने मिळतो. या परदेशी सर्टिफिकेटांनी त्यात काडीची भर पडत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे सीआरई गुण तरी त्यातून मिळतील असं गृहीत धरू नकोस. पैसे भरण्याआधी विचारून घे. सर्टिफिकेट म्हणजे एका पद्धतीचं प्रशिक्षण झाल्याची पावती. समोरच्या पेशंटला ती पद्धत लागू आहे का, हे तुलाच ठरवायचं असतं. म्हणून गेल्या काही महिन्यांच्या फायली काढ आणि मोज: पार्किन्सनचे किती, पक्षाघातानंतर बोलणं जड, अस्पष्ट झालेले, म्हणजे डिसार्थ्रियाचे किती, सेरेब्रल पाल्सीची मुलं किती, अप्रॅक्सियाचा संशय असलेली किती.

तुझ्या बोलण्यात पार्किन्सनचे आजोबा बरेच येतात, तेव्हा एलएसव्हीटी लाउड आधी कर. लॉरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७च्या सुमारास ॲरिझोनात ही पद्धत बसवली. ली सिल्व्हरमन या पार्किन्सन असलेल्या बाईंचं नाव तिला दिलं. चार आठवडे, आठवड्याला चार दिवस, दर वेळी एक तास, शिवाय घरचा अभ्यास. तिची ताकद या रेट्यातच आहे. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेली चाचणी २०२४ साली बीएमजेत आली, ती वाच. एलएसव्हीटी घेतलेल्यांना फरक पडला. तिथली नेहमीची, कमी तासांची थेरपी घेतलेले मात्र थेरपी न मिळालेल्यांच्या फारसे पुढे नव्हते. ‘आठवड्यातून एकदा या’ म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी हे मनावर घ्यायला हवं. तासगावहून आठवड्यात चारदा एसटीने कोण येणार, हे तू म्हणशीलच. ही थेरपी व्हिडिओ कॉलवर देता येते. नातवाला मोबाइल धरायला बसव.

माझ्याकडे एक निवृत्त हेडमास्तर येत. आवाज इतका बारीक की खुर्ची पुढे ओढावी लागे, आणि त्यांची तक्रार काय, तर ‘हिला हल्ली ऐकू येत नाही’. काकूंचे कान ठणठणीत! मी ‘आ’ मोठ्याने म्हणवून घेतला, तर म्हणाले, “बाई, मी ओरडतोय, शेजारचे काय म्हणतील?” रेकॉर्डिंग ऐकवलं. तो साधा, चारचौघांसारखा आवाज होता. पार्किन्सनमध्ये स्वतःच्या आवाजाचा अंदाजच घसरतो. थेरपीचं अर्धं काम तिथे असतं. रोजची दहा वाक्यं निवडायची असतात, तेव्हा हस्तपुस्तिकेतली इंग्रजी वाक्यं भाषांतर करून देऊ नकोस. हेडमास्तरांची होती ‘पेपर आला का?’, ‘चहात साखर कमी’, ‘अगं, फोन वाजतोय’. आणि सुरुवात करण्याआधी ईएनटीकडून स्वरयंत्र तपासून घे. या पद्धतीत घशावर ताण येऊ शकतो.

सर्टिफिकेट हातात आलं की प्रत्येक डिसार्थ्रिया ‘मोठ्याने बोला’ने सुटेल असं वाटायला लागतं. स्नायू लवकर थकणाऱ्या मायस्थेनियाच्या पेशंटला तसं दामटलंस तर तो आणखी थकेल. म्हणून कान तयार कर. मेयो क्लिनिकच्या डार्ली, ॲरन्सन आणि ब्राउन यांनी १९६९ साली २१२ रुग्णांचं बोलणं ३८ निकषांवर ऐकून डिसार्थ्रियाचे प्रकार लावले. परीक्षेपुरती ती यादी तू पाठ केली असशील. आता रोज एक रेकॉर्डिंग फाइल न उघडता ऐक, आजार कुठला ते लिही, मग निदान बघ. यासाठी कुणी फी घेत नाही.

मुलांचं वेगळं. ‘केळं’ तीनदा म्हणायला सांगितलं की एकदा ‘तेयं’, एकदा ‘केअं’, एकदा ‘एळं’ असं येतं का? एका आवाजातून दुसऱ्यात जाताना अडखळणं, लय बिघडणं? मग अप्रॅक्सियाचा विचार कर. प्रॉम्प्टमध्ये जबड्याला, ओठांना बोटांनी स्पर्श करून उच्चाराची वाट दाखवतात; ते पुस्तकातून येत नाही, कोर्स करावाच लागतो. पण पहिला कोर्स झाला की तू फक्त ‘प्रशिक्षित’. सर्टिफाइड व्हायला पुढचा कोर्स आणि प्रोजेक्ट लागतो. क्लिनिकच्या पाटीवर नीट लिही. पहिल्याच कोर्सवर ‘सर्टिफाइड’ लावणारे मी पाहिलेत.

त्याआधी एडिथ स्ट्रँड यांची डीटीटीसी आणि सिडनी विद्यापीठाची रेस्ट या अप्रॅक्सियासाठीच्या पद्धती समजून घे. रेस्टमध्ये निरर्थक, बनवलेले शब्द म्हणवून घेतात आणि इंग्रजीतला आघात, कुठलं अक्षर जोरात नि कुठलं हळू, तो शिकवतात. मराठीत आघाताचं तसं काम नाही. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण बोलताना बहुतेकांचे एकच, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घावरही फार विसंबता येणार नाही. आपले बनावट शब्द आपल्यालाच बांधायला हवेत: ट, ठ, ळ, ण घेऊन, दोन अक्षरी, मग तीन अक्षरी. कुणीतरी बसून करायचं काम आहे. तू का नाही करत?

आणि तुमच्या क्लिनिकातलं ते शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉचं कपाट. पालकांना काहीतरी चाललंय असं दिसतं, म्हणून ते खपतं. फुंकर मारून मूल फुंकायला शिकतं, बोलायला नाही. क्लिनिकच्या मॅडमशी यावरून वाद घालू नकोस, तुझ्या पेशंटचं तेवढं तू ठरव.

एलएसव्हीटीच्या फीपैकी अर्धी मी देते, ताईला सांग. मात्र फायलींचा हिशोब या रविवारपर्यंत पाठव. पार्किन्सनचे चारच निघाले, तर बेत बदलू.

तुझी,
सुधामावशी