कालवा आणि नीरेमधल्या पट्ट्यात भूजलाचा नकाशा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डावा कालवा वरच्या अंगाने जातो, नदी खालून. मधल्या पट्ट्यात पाझर साचला की जमीन चिबड होते, मग क्षार वर येतात. म्हणून भूजल कुठे किती वर आहे हे नेमकं काढायला हवं. विहिरी मात्र सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे चौकोनी जाळी मांडून चालणारी गणिताची पद्धत इथे अडते. रेडियल बेसिस फंक्शनला जाळी लागत नाही, फक्त बिंदूंमधली अंतरं लागतात. रोलंड हार्डी यांनी १९७१ मध्ये भूपृष्ठाच्या चढउतारांसाठी ही फलनं मांडली आणि एडवर्ड कान्सा यांनी १९९० मध्ये त्यांच्या साहाय्याने विकल समीकरणं सोडवली.

सुरुवात शेतावर करा. फक्त खोदविहिरी घ्या. त्यांना पाणी मुरूम आणि मांजऱ्या खडकातून येतं, बोअरला खालच्या भेगांतून. दोन्ही एका नकाशात मिसळले की नकाशा वाया जातो. मोटर रात्रभर बंद ठेवून पहाटे टेप सोडा आणि कठड्याची उंची वजा करा. जमिनीची उंची मोबाइलच्या जीपीएसवरून घेऊ नका, त्यात काही मीटरची चूक असते. लेव्हल मशीन लावा. कालव्याचं आवर्तन नुकतंच सुटलं किंवा बंद झालं असेल तर थांबा, कारण आपण सोडवणार आहोत ते स्थिर प्रवाहाचं समीकरण आहे.

अक्षांश-रेखांशांचे मीटर करून घ्या. या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किमी भरतो आणि अक्षांशाचा सुमारे १११, म्हणून अंशांवरून थेट अंतर काढलं तर ते चुकतं.

आता बिंदू मांडा: विहिरींच्या जागा, त्यांच्यामध्ये आणखी काही आणि चारही सीमांवर. कालव्याच्या सीमेवर कालव्यातल्या पाण्याची नव्हे, तर कालव्यालगतच्या विहिरीची पातळी द्या. नदीच्या बाजूला नदीची. उरलेल्या दोन बाजू कालव्याकडून नदीकडे जाणाऱ्या प्रवाहाला समांतर धरा आणि तिथे आडवा उतार शून्य ठेवा.

प्रत्येक बिंदूभोवती √(अ² + क²) हे फलन घ्या. अ म्हणजे त्या बिंदूपासूनचं अंतर, क हा आकार ठरवणारा स्थिरांक. पातळी म्हणजे या फलनांची भारांनुसार बेरीज. आतल्या बिंदूंवर अट अशी: थराची वहनक्षमता गुणिले पातळीचा लाप्लासियन (दोन्ही दिशांतल्या दुसऱ्या विकलजांची बेरीज) बरोबर उणे पाझर. पाझरातून उपसा आधी वजा करा. एका फलनाचा लाप्लासियन (अ² + २क²) भागिले (अ² + क²) चा दीड घात. जितके बिंदू तितकी समीकरणं. पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये ४० बिंदूंचं गणित साध्या लॅपटॉपवर लगेच सुटतं.

खरी कसोटी क ठरवण्यात आहे. हार्डी यांचा ठोकताळा शेजारच्या बिंदूंच्या सरासरी अंतराच्या ०.८१५ पट असा होता. तिथून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. क वाढतो तशी अचूकता बहुधा सुधारते, पण एका मर्यादेनंतर समीकरणांची मॅट्रिक्स इतकी बिघडते की भार प्रचंड होतात आणि उत्तर थरथरू लागतं. त्याच्या एक पायरी आधी थांबा.

शेतातले आकडे घालण्याआधी प्रोग्रॅम तपासा. १ किमी रुंद पट्टा, दोन्ही काठांवर सारखीच पातळी, रोजचा पाझर ०.२ मिमी आणि वहनक्षमता दिवसाला ५० चौरस मीटर धरली, तर मधोमध पाणी काठांपेक्षा ०.५ मीटर वर यायला हवं. तेवढं आलं नाही तर चूक प्रोग्रॅममध्ये आहे.

आतल्या विहिरींची मोजलेली पातळी समीकरणात घालू नका, ताळ्यासाठी राखा. एकाच बाजूच्या सगळ्या विहिरी उत्तराच्या वर किंवा खाली निघाल्या तर क बदलत बसू नका. तिथे बुजवलेला ओढा, जुनी चारी किंवा नोंदीत नसलेला उपसा आहे का ते जाऊन पाहा. आणि नकाशा सीमेपाशीच थांबवा: हार्डींचं फलन अंतराबरोबर वाढतच जातं, त्यामुळे पट्ट्याबाहेरच्या आकड्यांवर कुणीही विहीर खोदू नये.