बिनपॉलिशचा तांदूळ : तो खावा काय, व खावयाचा तर रुचकर कसा करावा?

आमचा गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. प्रतापगडच्या डोंगराभोवतालच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात कोठे इटियाडोहच्या पाण्यावर, तर कोठे जुन्या मालगुजारी तलावांच्या आधाराने धानाच्याच बांध्या पसरलेल्या आहेत. अशा मुलखात तांदूळ कसा खावा हे सांगण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. परंतु जो पदार्थ आपण दोन्ही वेळा खातो त्याविषयीच आपण सर्वांत कमी विचार करतो, असा अनुभव आहे. पांढरा शुभ्र, चकचकीत तांदूळ म्हणजे संपन्न घराचा व तांबूस, कोंडा असलेला तांदूळ म्हणजे गरिबाचा, अशी समजूत आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांत रूढ झाली. आता शहरांतील दुकानांत तोच तांबूस तांदूळ ‘ब्राउन राईस’ या नावाने पांढऱ्याहून अधिक भावाने विकला जातो. तेव्हा आपण, जे तो पिकवितो, त्यांनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दाण्याची रचना

धानाचा दाणा म्हणजे एकावर एक घातलेल्या अंगरख्यांसारखा असतो. सर्वांत बाहेर तूस. ते माणसास पचत नाही, म्हणून काढावेच लागते. तूस काढल्यावर जो तांबूस दाणा उरतो तोच बिनपॉलिशचा तांदूळ. त्यावर कोंड्याचे पातळ पापुद्रे असतात व एका टोकाशी अंकुर असतो. कोंडा व अंकुर घासून काढले म्हणजे आतील पांढरा गाभा उरतो. तोच आपला नेहमीचा तांदूळ होय.

शंभर किलो धानात स्थूलमानाने वीस ते बावीस किलो तूस निघते. राहिलेल्या दाण्यास पूर्ण पॉलिश केले तर आणखी आठ-दहा किलो कोंडा व अंकुर जातात. सरकारी भरडाईच्या नियमात शंभर किलो धानापासून 67 किलो अरवा तांदूळ व 68 किलो उष्णा तांदूळ असा उतारा धरलेला आहे, तो याच कारणाने.

कोंड्याबरोबर काय जाते

जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेरीबेरी नावाचा रोग फार पसरला होता. त्यात हातपाय लुळे पडत व हृदय दुर्बल होऊन माणसे दगावत. तेथील डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांनी पाहिले की, पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा रोग जडतो, व बिनपॉलिशचा तांदूळ दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. कोंड्यात असे काही आहे की जे गेल्याने रोग होतो, हे या मार्गाने ध्यानात आले. पुढे त्या द्रव्यास थायामिन अथवा ‘ब-1’ जीवनसत्त्व असे नाव मिळाले, व आइकमान यांस 1929 मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आपल्याकडील आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत 100 ग्रॅम हातसडीच्या अरवा तांदळात थायामिन 0.21 मिलिग्रॅम, तर गिरणीच्या पांढऱ्या अरवा तांदळात केवळ 0.06 मिलिग्रॅम दाखविले आहे. म्हणजे चार भागांपैकी जवळजवळ तीन भाग गिरणीतच राहतात. गिरणीच्या उष्णा तांदळात मात्र ते 0.21 आहे. धान भिजवून वाफविताना कोंड्यातील सत्त्व दाण्याच्या गाभ्यात उतरते व मग पॉलिश केले तरी पुष्कळसे टिकते, हे त्याचे कारण. याखेरीज कोंड्याबरोबर तंतू, थोडे प्रथिन, लोह व स्निग्धांशही जातात.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. शेतकरी आपले धान खरेदी केंद्रावर देतो, ते गिरणीत जाऊन पांढरे होते, व तसलाच पांढरा तांदूळ शिधापत्रिकेवर त्याच्या घरी येतो. या तांदळातील न्यून भरून काढण्यासाठी सरकारने 2022 नंतर टप्प्याटप्प्याने, मार्च 2024 पर्यंत, लोह, फॉलिक आम्ल व ‘ब-12’ मिसळलेला पोषणयुक्त तांदूळ देण्याचा कार्यक्रम राबविला. म्हणजे आधी दाण्यातले लोह काढावयाचे व मग दाण्यासारखे दाणे बनवून त्यांतून ते पुन्हा घालावयाचे. ‘ब-12’ तांदळात मुळातच नसते, तेव्हा त्या कार्यक्रमास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ज्याच्या घरच्या ढोलीत धान भरलेले आहे, त्यास निम्मा उपाय घरातच उपलब्ध आहे, एवढे आम्हास सुचवावयाचे आहे.

वर्ध्याचा धडा

हा विचार आपल्या विदर्भास नवा नाही. डिसेंबर 1934 मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस झाले. हातसडीच्या तांदळाचा प्रसार हे त्या संघाच्या आरंभीच्या कार्यांपैकी एक होते. त्यात आरोग्याबरोबरच खेड्यातील रोजगाराचाही हेतू होता.

तथापि हातसडीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ढेकीवर अथवा उखळात धान सडण्याचे कष्ट घरातील बायांनाच करावे लागत. पहाटे उठून सडण-कांडण करावयाचे, मग दिवसभर बांधीत रोवणीस वाकावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यात काहीच नवल नाही. ती ढेकी पुन्हा त्यांच्या पायाखाली द्यावी असे आम्ही म्हणत नाही, व तशी गरजही नाही. सत्त्व टिकते ते हाताने सडल्यामुळे नव्हे, तर कोंडा न काढल्यामुळे. ते काम गिरणीही करू शकते.

गिरणीत काय सांगावे

सर्व प्रश्न येथेच सुटतो अथवा बिघडतो. जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीत तूस व कोंडा एकाच घासणीत निघतात. तीत बिनपॉलिशचा तांदूळ नीट होत नाही, कणी अधिक पडते व कोंडा तुसात मिसळून त्याचे मोलही कमी होते. रबरी रोलरच्या गिरणीत मात्र तूस वेगळे व पॉलिश वेगळे होते. अशा गिरणीत जाऊन ‘फक्त तूस काढा, पॉलिश मारू नका’ असे स्पष्ट सांगावे. घरच्यांस एकदम तांबूस भात रुचणार नसेल, तर ‘एकच हलके पॉलिश द्या’ असे सांगावे. हा मधला मार्ग पुष्कळ घरांस सोईचा पडेल असे आमचे मत आहे.

आता हिशोब पाहा. ज्या कुटुंबात दररोज दोन किलो तांदूळ शिजतो त्यास महिन्यास साठ किलो तांदूळ लागतो. 67 टक्के उताऱ्याने त्यासाठी सुमारे 90 किलो धान लागेल. केवळ तूस काढल्यास 77 टक्के उतारा धरून सुमारे 78 किलो पुरेल. महिन्याची बचत बारा किलोंच्या आसपास, म्हणजे वर्षास सुमारे 1.4 क्विंटल धान. सन 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलास 2,369 रुपये होती. त्या दराने ही बचत 3,300 रुपयांच्या घरात जाते. मात्र कोंडा आपण घरी आणून गाई-म्हशींस घालीत असलो, तर त्याचे मोल या रकमेतून वजा करावे. हिशोब प्रामाणिक असावा. पण कोंडा भरडाईच्या मजुरीत गिरणीवरच सोडून येणाऱ्यांनी आपण काय सोडून येतो याचा एकदा विचार करावा.

बेचव का लागतो

बिनपॉलिशचा भात कडवट, चिवट व खवट लागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही, पण दोष बहुधा तांदळाचा नसून तो ठेवण्याचा व शिजविण्याचा असतो. कोंड्यात तेल असते. तूस निघाले व कोंड्यास घासणी बसली की त्या तेलास हवा लागून ते हळूहळू खवट होते. दुकानात महिनोगणती पडलेल्या तांदळास जो वास येतो तो याचाच. दुसरे असे की, कोंड्याच्या पापुद्र्यामुळे पाणी दाण्यात लवकर शिरत नाही. पांढऱ्या तांदळाइतकेच पाणी व तेवढाच वेळ दिला तर भात चिवट राहणारच.

पहिल्या दोषावरचा उपाय शेतकऱ्याच्या हाती आहे, शहरवासीयाच्या नाही. तुसासकट धान वर्षभर चांगले टिकते. म्हणून धान ढोलीत राहू द्यावे, व एका वेळी पंधरा दिवस ते एक महिना पुरेल एवढेच भरडून आणावे. उन्हाळ्यात त्याहूनही कमी आणावे. तांदूळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावा. ताजा भरडलेला तांदूळ ही शहरात पैसे देऊनही सहसा न मिळणारी वस्तू आहे.

शिजविण्याची रीत

1. तांदूळ सुपात पाखडून उरलेले तूस व खडे काढावेत. दोनदा हलक्या हाताने धुवावा, चोळू नये.

2. सहा ते आठ तास भिजत घालावा. रात्री भिजवून सकाळी शिजविणे सोईचे. उन्हाळ्यात पाणी आंबते, म्हणून चार-पाच तास पुरेत.

3. भिजलेला तांदूळ निथळून, भांड्यात चमचाभर तेल अथवा तूप घालून, मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतावा. त्याने भाजक्या दाण्याचा सुवास येतो व कोंड्याचा उग्रपणा मावळतो.

4. भिजलेल्या एक वाटी तांदळास दोन ते सव्वादोन वाट्या पाणी, न भिजविलेल्यास अडीच ते तीन वाट्या. मीठ आरंभीच घालावे, म्हणजे ते दाण्यात मुरते.

5. उघड्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटे, कुकरात दाब आल्यावर पंधरा ते वीस मिनिटे. उतरविल्यावर दहा मिनिटे झाकण काढू नये. या दहा मिनिटांतच दाणा मऊ होतो.

6. पेज काढून फेकू नये. ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. पेज काढलीच तर मीठ-जिरे घालून प्यावी.

जातीचाही फरक पडतो. चिन्नोरसारखा सुवासिक, अथवा चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढविलेल्या एचएमटीसारखा बारीक तांदूळ बिनपॉलिशचाही मऊ होतो. जाड जातीचा तांदूळ पेजेस व आंबिलीस अधिक चांगला. सोबत पातळ कालवण असावे. वांग्या-पोपटाची रस्साभाजी, कढी अथवा मासळीचा रस्सा यांबरोबर हा भात फार गोड लागतो. कोरड्या भाजीबरोबर तो घशात अडकल्यासारखा वाटतो.

मुलांस सवय लावावयाची तर एकदम बदल करू नये. पहिल्या आठवड्यात एक भाग तांबूस व तीन भाग पांढरा घ्यावा. तांबूस तांदूळ आधी अर्धा शिजवून मग त्यात पांढरा टाकावा, म्हणजे दोन्ही बरोबर शिजतात. पुढे प्रमाण वाढवीत जावे.

कोणी जपून खावा

कोणताही पदार्थ सर्वांस सर्वकाळ हितकर नसतो. नुकतेच अन्न खाऊ लागलेले मूल, दात गेलेले वृद्ध, जुलाब झालेला अथवा दुखण्यातून उठलेला माणूस यांस पांढऱ्या तांदळाचा मऊ भातच योग्य. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्याविना बदल करू नये. मधुमेह्यांच्या रक्तात या भाताची साखर काहीशी सावकाश चढते. परंतु भात तो भातच. दोन्ही तांदळांची उष्णता-शक्ती जवळजवळ सारखीच असते. तेव्हा तांबूस आहे म्हणून ताट भरून घेणे हिताचे नाही. कोंड्यातील फायटिक आम्ल लोहाच्या शोषणास थोडा अडथळा करते. त्यासाठी भिजविणे उपयोगी पडते, व ताटात लिंबाची फोड अथवा आवळ्याचे लोणचे असावे.

ज्यांच्या ताटात डाळ, भाजी, दूध, मासळी पुरेशी आहे, त्यांनी पांढरा तांदूळ खाल्ला तर मोठीशी हानी नाही. ज्यांचे ताट बहुतांशी भाताचेच आहे, व अशी घरे आपल्या भागात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी मात्र हा प्रश्न रुचीचा नसून शरीरबळाचा आहे. कारण जेथे दुसरे अन्न थोडे, तेथे भातातून गेलेले सत्त्व दुसरीकडून भरून येत नाही.

सारांश, घरचे धान असेल त्याने रोजच्या जेवणासाठी बिनपॉलिशचा, निदान एकाच हलक्या पॉलिशचा, तांदूळ ताजा भरडून खावा. सणावाराचा, पाहुण्यांचा व आजाऱ्याचा भात पांढरा राहू द्यावा. ज्यास विकतच घ्यावा लागतो त्याने उष्णा तांदूळ पसंत केल्यास तोही पांढऱ्या अरव्याहून सरस ठरेल. आमच्या म्हणण्यावर कोणी केवळ विश्वास ठेवावा असे नाही. येत्या खेपेस गिरणीत जाताना दहा किलो धान वेगळे बांधावे, त्याचे फक्त तूस काढवावे, तांदूळ तोलून पाहावा व वरील रीतीने आठ दिवस शिजवावा. तराजू व घरातील मंडळींची जीभ, दोन्हींचा निकाल मग आपोआप कळेल.