भटारखान्याचा दरवाजा आणि तपासणीची वही

धुळे शहर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या महामार्गांच्या नाक्यावर वसलेले आहे. जळगावात केळी, डाळ, कापड आणि सोन्याच्या निमित्ताने रोज परगावचा माणूस येतो. हा माणूस दुपारी कोठे ना कोठे जेवतो आणि त्याच्या जेवणावर आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी घरांची चूल पेटते. कोणाचे पाया-रोटीचे हॉटेल आहे, कोणी बिर्याणीची देग लावतो, कोणाची चहा-खारीची टपरी आहे. रमजान आला की समोसे, भजी, खिचडा आणि फालुद्याच्या गाड्या वाढतात. भांडवल थोडे लागते, म्हणून आपला बेकार तरुण या धंद्यात लवकर उतरतो. मसाला, मांस, मजुरी यांचा हिशोब तो नीट करतो, पण कायदा आणि कागद यांचा हिशोब मात्र कोणीच करीत नाही. मग "हेल्थवाले आले" अशी हाक पडली की गल्लीतील शटर्स एकामागून एक खाली येतात.

बंधूंनो, आपल्या धंद्याचे खरे नुकसान या शटर खाली ओढण्यातच आहे. तपासणी म्हणजे काय, ती कोण करतो, तो काय पाहतो आणि त्या वेळी आपले हक्क कोणते, हे या धड्यात क्रमाने पाहू.

तपासणी आपल्याला नवी नाही

बाजारातील तपासणी ही सरकारी जाचाची गोष्ट आहे, असा समज आपल्यात रूढ आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल तपासल्याची हदीस आपण वाझमध्ये अनेकदा ऐकतो, पण तिचा संबंध आपल्या दुकानाशी जोडत नाही. इस्लामी राजवटींत बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब हा अधिकारी होता. वजन-मापांबरोबर खाद्यपदार्थही तो तपासत असे. बाराव्या शतकात शाम देशातील शैझरी यांनी या अधिकाऱ्यासाठी एक मार्गदर्शक किताब लिहिली. पीठ मळणाऱ्याने पाय, गुडघे किंवा कोपर वापरू नये, तोंडावर फडके बांधावे, घाम पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधावी आणि माश्या हाकलायला शेजारी माणूस ठेवावा, अशा सूचना तीत आहेत. आजचा निरीक्षक टोपी, मोजे आणि झाकण मागतो, तेव्हा तो आठशे वर्षांपूर्वीचीच गोष्ट मागत असतो.

आपण दारावर "हलाल" असे लिहितो. पण हलालबरोबर "तय्यब" म्हणजे स्वच्छ, शुद्ध आणि अंगाला मानवणारे, हा दुसरा शब्दही येतो. जबिहा बरोबर झाला आणि तेच मांस उघड्या गटारीशेजारी धुतले, तर अर्धीच अट पूर्ण झाली.

कोण येतो आणि कशासाठी

आपल्या भाषेत सगळेच "हेल्थवाले". प्रत्यक्षात खाती वेगळी आहेत. जळगाव आणि धुळे महानगरपालिकांचा आरोग्य विभाग कचरा, गटार आणि परिसराची स्वच्छता पाहतो. अन्नाचा नमुना घेणारा अन्न सुरक्षा अधिकारी हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा असतो. म्हणून आलेल्या माणसाला अदबीने बसवावे, ओळखपत्र पाहावे आणि तो कोणत्या खात्याचा हे समजून घ्यावे. ओळखपत्र पाहणे म्हणजे उर्मटपणा नव्हे.

पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पूर्वीचा कायदा मुख्यतः भेसळ पकडत असे. नवा कायदा भेसळीबरोबर भटारखाना, पाणी, कामगार, साठवण आणि नोंदी हे सर्व तपासतो. म्हणून "आम्ही भेसळ करीत नाही" एवढे म्हणून आता सुटका होत नाही. घाणेरड्या जागेत अन्न तयार केले एवढ्याच कारणावरून कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्न असुरक्षित ठरले तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाते.

पहिला कागद

या कायद्याने छोट्या धंद्याला नोंदणी आणि मोठ्या धंद्याला परवाना अशी विभागणी केली. २०११ च्या नियमांत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. मर्यादा आणि शुल्क सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज भरताना चालू आकडा पाहूनच भरावा. २०२० पासून अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर होतो. तेथे १४ अंकी क्रमांक मिळतो. तो दर्शनी भागात लावावा. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणेही बंधनकारक झाले आहे. नोंदणीतील नाव, पत्ता आणि धंद्याचा प्रकार प्रत्यक्षाशी जुळला पाहिजे. हॉटेल भावाने घेतले आणि कागद वडिलांच्याच नावावर राहिला, हा प्रकार आपल्यात फार दिसतो.

नाव मोठे असले म्हणून कागदावाचून चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या "बडे मियाँ" या नावाजलेल्या कबाबवाल्यांना अन्न व औषध प्रशासनाने धंदा थांबविण्याची नोटीस दिली. अन्न सुरक्षेचा परवाना नाही आणि भटारखान्यात झुरळे-उंदीर आढळले, अशी कारणे तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. ज्या ठिकाणी देशभरचे गिऱ्हाईक जाते, तेथे हे घडू शकते. मग आपल्या दहा बाकांच्या हॉटेलची काय कथा!

भटारखान्यात काय पाहतात

पाणी: आपल्याकडे अनेक भागांत नळ रोज येत नाही. पाणी टाकीत आणि पिंपात साठवावे लागते. म्हणून टाकी धुतल्याची तारीख लिहून ठेवावी, झाकण घट्ट असावे आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा.

उष्णता: ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, म्हणजे आपली हवाच त्या पट्ट्यात असते. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत. बिर्याणीवाल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तांदळातील बॅसिलस सिरियस या जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की त्यात विष तयार होते आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून सकाळची देग रात्री गरम करून विकणे ही काटकसर नव्हे.

मांस: मे २०२४ मध्ये मुंबईच्या मानखुर्द भागात गाडीवरील चिकन शोरमा खाऊन १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि दोन विक्रेत्यांना अटक झाली. २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यातही शोरम्यातून विषबाधा होऊन एक विद्यार्थिनी दगावली होती. कच्चे आणि शिजलेले मांस वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीने कापावे. मांस कोठून घेतले याची पावती रोज घ्यावी. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे मांस कोणत्या जनावराचे, हे लिहिलेली पावती आपल्याकडे असणे जास्तच गरजेचे झाले आहे.

तेल: तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक साचतात. १ जुलै २०१८ पासून अशा तेलात टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. तेल काळे पडले, फेस येऊ लागला, लवकर धूर निघू लागला, की ते कढईतून काढावे. आजच्या समोशाचे तेल उद्याच्या भज्यात भर म्हणून घालू नये.

रंग: कापडाच्या व्यापारात माझे आयुष्य गेले, म्हणून हे ठामपणे लिहितो. मेटॅनिल यलो आणि रोडामाइन-बी हे कापड, कागद, चामडे रंगविण्याचे रंग आहेत. खाण्यात दोन्हींना मनाई आहे. स्वस्त पुडीतील "जर्दा रंग" किंवा "तंदुरी रंग" काय आहे, हे पुडीवर लिहिलेले नसेल तर तो भटारखान्यात आणूच नये. खाण्यास परवानगी असलेले कृत्रिम रंगसुद्धा ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच चालतात. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने कबाबात कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. हळद, केशर आणि काश्मिरी मिरची यांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे काम भागत होते, आपलेही भागेल.

माणसे: अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस आवश्यक आहे. दाखला फाइलीत लावावा. जुलाब किंवा हाताला जखम असलेल्या पोऱ्याला त्या दिवशी भांड्याला हात लावू देऊ नये आणि त्याची मजुरीही कापू नये. मजुरी कापली की पुढच्या वेळी तो आजार लपवील.

बांधणी: भजी आणि समोसे छापील वर्तमानपत्रात बांधू नयेत. शाईतील रसायने तेलात उतरतात. २०१८ च्या वेष्टन-नियमांनी यास मनाई केली आहे.

तपासणीच्या दिवशी आपले हक्क

अधिकारी नमुना घेणार असेल तर त्याने तसे लेखी कळवावे लागते आणि बाजारभावाने पैसे द्यावे लागतात. सामान्यतः नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. आपण विनंती केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. दोन अहवालांत फरक पडला तर निर्देशक प्रयोगशाळेचा निर्णय अंतिम असतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

दोष आढळला म्हणजे धंदा त्याच दिवशी बुडाला, असेही नाही. कलम ३२ प्रमाणे सुधारणा नोटीस देता येते. काय चुकले आणि काय करावे हे तीत लिहावे लागते आणि मुदत १४ दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही. त्या मुदतीत काम पूर्ण करावे, त्याचे फोटो आणि पावत्या जोडून लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. नोटीसवरील अपिलाची मुदत मात्र फार तर १५ दिवसांची असते, म्हणून कागद गल्ल्यात टाकून विसरू नये. मराठी वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला वाचायला लावावे. न वाचता सही करू नये आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

"आमच्याच गल्लीत का येतात?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. तो टाळणे बरोबर नाही. ही शंका कोठे खरी असेल, कोठे नसेल. कायद्यानेही ही शक्यता धरली आहे. वाजवी कारणाशिवाय, केवळ त्रास देण्यासाठी माल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ३९ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही तक्रार करायला उभा कोण राहील? ज्याच्याकडे नोंदणी आहे, कामगारांचे दाखले आहेत, मांस-तेलाच्या पावत्या आहेत, तो उभा राहील. ज्याच्याकडे यातील काहीच नाही, तो मागल्या दाराने "मिटवून" घेतो. त्या पैशाची पावती मिळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस पुन्हा येतो. शिवाय रिश्वत देणे आणि घेणे दोन्ही हराम आहेत, हे आपण सर्व जाणतो.

म्हणून प्रत्येक हॉटेलवाल्याने एक साधी वही घालावी. तीत रोज चार ओळी लिहाव्यात: मांस व दूध कोठून आले, तेल कधी बदलले, टाकी कधी धुतली, कोण कामगार आजारी होता. उर्दूत लिहिली तरी सुरुवात होईल. हळूहळू मराठीत आणावी, म्हणजे येणाऱ्यालाही वाचता येईल. मोहल्ल्यातील पाच-सहा हॉटेलवाल्यांनी मिळून एकाच दिवशी डॉक्टरला बोलावले, तर कामगारांच्या तपासणीचा खर्चही कमी येईल. मशीद किंवा जमातीच्या लोकांनी नोंदणीचे अर्ज भरून देण्यासाठी एक दिवस ठेवला, तर तीही मोठी खिदमत होईल.

गिऱ्हाईक आपल्या दारात बसते, तेव्हा भटारखान्यात काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. तो आपला जीव आपल्या भरवशावर सोपवितो. ही अमानत आहे. जो दुकानदार भटारखान्याचा दरवाजा गिऱ्हाइकासाठी उघडा ठेवू शकतो, त्याला अधिकाऱ्यासाठी तो बंद करण्याची गरज पडत नाही. अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो आणि ती हलाल व तय्यब ठेवण्याची आपल्याला तौफिक देवो. आमीन.