दाखला काढण्याआधी

चि. भाचीस,

तू आठवीत गेलीस, म्हणजे आपल्या कर्नाटकात हायस्कूलची पहिली पायरी चढलीस. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा ‘पुढं काय होणार?’ असं विचारणार. त्याला खुशाल ‘अजून ठरलं नाही’ म्हणून सांग. तेराव्या वर्षी कुणी पेशा ठरवून ठेवत नाही. मात्र या वयात झालेल्या एखाद्या निर्णयानं पुढची वाट बंद होते, आणि ते कळतं पाच वर्षांनी, अर्ज भरताना. असे निर्णय बहुधा मुलं घेत नाहीत, आईवडील घेतात. म्हणून पुढचं सगळं ताईला आणि भावोजींना वाचून दाखव.

भावोजींच्या मनात गावच्या शाळेतून तुझा दाखला काढून तुला बेळगावात घालायचं आहे. त्यामागची कारणं मला कळतात. तिथं शिकवण्या आहेत, वर्गात चुरस आहे, आणि पावसाळ्यात एसटीची वाट बघत उभं राहावं लागत नाही. पण या सोयीची किंमतही मोजली पाहिजे. कर्नाटकात सीईटीतून इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना प्रवेश देताना प्रत्येक प्रवर्गातल्या 15 टक्के जागा ग्रामीण भागात शिकलेल्या मुलांसाठी असतात. सरकारी नोकरभरतीत 2000 सालच्या कायद्यानं हाच वाटा 25 टक्के आहे. दोन्हीकडे अट एकच: पहिली ते दहावी सगळं शिक्षण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेलं हवं. सात वर्षं खेड्यात आणि तीन वर्षं शहरात, असा हिशेब तिथं चालत नाही. आईवडील गावात राहतात, सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा गावचा आहे, हेही चालत नाही. शाळा कुठं होती एवढंच बघतात. बेळगाव महानगरपालिकेत येतं, जवळची दांडेली आणि हल्याळ नगरपालिकेत; तिन्हीकडची शाळा ग्रामीण धरत नाहीत. म्हणजे आठवीला दाखला हलला की सात वर्षांची पुंजी त्याच दिवशी बुडाली. याउलट दहावी गावात करून अकरावीला बेळगाव गाठलंस, तर हा हक्क शाबूत राहतो. शहर कुठं पळून जात नाही, तीन वर्षं थांबायचं एवढंच. (सर्वसाधारण गटातल्या मुलांना उत्पन्नाचीही अट आहे, ती भावोजींनी बघून घ्यावी.)

यावर ताई म्हणेल, मार्कच पडले नाहीत तर कोटा घेऊन काय करायचं? तिचं खरं आहे. राखीव जागासुद्धा क्रमांकावरच मिळतात. पण तिथं तुझी स्पर्धा तुझ्यासारख्याच मुलांशी असते, शहरातल्या शिकवणीवाल्यांशी नाही. आणि शिकवणीची उणीव भरून काढता येते, दहा वर्षांच्या अटीत पडलेला खंड भरून काढता येत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करतो. शाळेत गणिताला किंवा विज्ञानाला शिक्षकच नसेल, तर नुसत्या कोट्यासाठी तिथं बसून राहणं शहाणपणाचं नाही. तरीही आधी तालुक्यातलंच दुसरं हायस्कूल आणि त्याच्याजवळचं वसतिगृह बघावं, बेळगाव मग.

गणिताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याचा कंटाळा पुढं फार महाग पडतो. बारावी सायन्स करून नंतर बी. ए.ला किंवा कायद्याला जाता येतं. आर्ट्स घेऊन इंजिनिअरिंगला जाता येत नाही. आर्ट्स हलकं आहे असं मी म्हणत नाही, उत्तम शिक्षक आणि अधिकारी त्यातून झालेत. पण आर्ट्स आवडीनं घ्यावं, गणिताच्या भीतीनं घेऊ नये. सायन्स परवडलं नाही तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि तो करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. इंजिनिअरिंग कॉलेज हल्याळला आहे, कारवारजवळ माजाळीलाही आहे. मला स्वतःला मात्र शिरसीचं वनशास्त्र महाविद्यालय अधिक मोलाचं वाटतं. ते धारवाड कृषी विद्यापीठाचं आहे. शेतीशास्त्राच्या या अभ्यासक्रमांत काही जागा शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असतात, आणि त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते: बियाणं ओळखा, अवजारं ओळखा, पिकाची माहिती सांगा. मुडलीचा कंद कधी लावतात आणि कधी काढतात हे ज्या मुलीनं घरच्या परसात पाहिलंय, तिला शेतीची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. आपल्याकडच्या लोकांना हे ज्ञान मार्कांच्या लायकीचं वाटत नाही, हे मोठं नवल आहे.

‘शिकून शेवटी गोव्यातच जायचं ना?’ असं गावात कुणीतरी म्हणेलच. जाईनात का मुलं! पण तिथल्या कारखान्याच्या एकाच फाटकातून आयटीआयचा फिटरही आत जातो आणि ठेकेदाराचा रोजंदारीवालाही, आणि दोघांचा पगार सारखा नसतो. शिवाय सगळ्यांनाच बाहेर जावं लागतं असंही नाही. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आपल्या दारात आहे, आणि वनरक्षकाच्या भरतीला बारावी पास लागतं.

आता कन्नडबद्दल. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात कोंकणी, आणि आपल्या सुपे तालुक्याचं नाव सीमाप्रश्नाच्या 865 गावांच्या यादीत आहे. म्हणून कन्नड जेमतेम पास होण्यापुरती करायची, असा एक हट्ट काही घरांत असतो. तो मला पटत नाही. सीमेचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. राज्याच्या नोकरीत कन्नड आल्यावाचून भागत नाही, आणि शेजारच्याची भाषा चांगली आली म्हणून कुणाची मराठी बिघडली नाही. मराठी वाचायचं सोडू नकोस, म्हणजे झालं. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातही काही अभ्यासक्रमांत वेगळ्या जागा असतात, तेव्हा ती वाटही उघडी राहील.

ताई, तुझ्यासाठी एक काम. मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात, आधारवर आणि जातीच्या दाखल्यात अक्षर न् अक्षर एक आहे का, ते याच वर्षी तपासून घे. दहावीच्या मार्ककार्डावर एकदा चूक छापली की ती दुरुस्त करायला फार खेटे पडतात. ग्रामीण शिक्षणाच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचीही (बी.ई.ओ.) सही लागते, तेव्हा प्राथमिक शाळेचे कागद जपून ठेव.

आणि भावोजी, दाखल्यासाठी अर्ज लिहून ठेवला असेल, तर तो तूर्त शाळेत देऊ नका.

तुझा,
मामा